जाळं खुंटीवर नाही

मोठागाव, ठाकुर्ली
८ ऑगस्ट १९९४

चि. गुणाजी,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर लांबूनच ओळखलं. 'ठ' तू अजून दुसरीत काढायचास तसाच काढतोस, पोट सुटलेला. आधी बराच वेळ अक्षरच बघत बसलो, मजकूर नंतर वाचला. मास्तराची खोड, जात नाही.

शीळफाट्याच्या पुढे एक संस्था आहे, मोठ्या मुलींना कायमचं ठेवून घेतात, ओळखीने मालनसाठी जागा मिळते आहे, आणि हो की नाही ते डिसेंबरअखेर सांगायचं आहे. हे समजलं. "बाबा, तुम्ही सत्तरीला आलात. तुमच्यामागे मी तिला माझ्या घरात ठेवू शकणार नाही. शीलाला दिवस गेलेत." हेही समजलं. शीलाची बातमी तू अगदी शेवटी, तिकिटासारखी चिकटवलीस. मी ती सगळ्यांत आधी वाचली असं धर. तिला म्हणावं, आंबट खावंसं वाटलं तर आपल्या दारच्या चिंचेला यंदा खूप आकडे आहेत.

आई गेली तेव्हा तू ठाण्याला निघून गेलास तो बाराव्यालाही थांबला नाहीस. कारण तुलाही माहीत आहे, मलाही. तरी एकदा कागदावर येऊ दे. तुझी आई अंगणात होती, अजून उचलली नव्हती. आळीतल्या बायका रीतीप्रमाणे एकेक येत होत्या आणि मालनच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होत्या. लेकीच्या गळ्यात पडून रडायचं ही आपल्याकडची पद्धत, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. मालन ताठ उभी होती. मग हसली. गालात नव्हे, खदखदून. हसत घरात पळाली, या खोलीतून त्या खोलीत, पडवीत, माजघरात, परत अंगणात, आणि पुन्हा हसली. तू हात उगारलास. शेजारच्या सरस्वतीवहिनींनी तो वरच्या वर धरला. "आरं, आज तरी नको रं बाबा." तेव्हा तू म्हणालास, "हिला काळीजच नाही. आई मेली आणि ही हसते."

त्या वाक्याला मला उत्तर सुचलं नव्हतं. आजही सुचलेलं नाही. म्हणून तुझ्या पत्रालाही आज हो लिहीत नाही, नाही लिहीत नाही. मागच्या चाळीत भाड्याने आलेल्या बाई सांगत होत्या, ठाण्यात एक डॉक्टरीणबाई अशा मुलांना तपासतात. मालन आता मूल नाही, सव्विशीची आहे. तरी दाखवून आणतो. मग बोलू.

काल संध्याकाळी भरतीच्या वेळी धक्क्यावर बसलो होतो. पलीकडे तिवरांच्या मागे ऊन उतरलं आणि दोन ओळी आल्या:

खाडीवरती सांज उतरली, पाणी झाले केशर-काळे,
एक होडके येणे बाकी, काठावरती जागे डोळे.

होडकं कोणतं ते तुला सांगायला नको.

बाबा


मोठागाव, ठाकुर्ली
२२ सप्टेंबर १९९४

चि. गुणाजी,

तुझं कार्ड मिळालं. "काळे आणि डोळे, यमक जुळत नाही, बाबा." अख्ख्या कार्डावर एवढं एकच वाक्य! पण तेवढ्यासाठी तू दुकानात जाऊन कार्ड विकत घेतलंस, याचं मला बरं वाटलं. यमक ओढून आणलंय हे कबूल. वर्गात मी मुलांना असल्या यमकाला अर्धा गुण देत असे.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मालनने कानांवरून तुझ्या आईच्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली होती. रिक्षात मीटर पडल्याचा आवाज झाला की माझी बाही पिळायची. तिथे मात्र नीट बसली. बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लोंबता. घाई नाही. त्यांनी मालनपुढे एक फोटो धरला, रडणाऱ्या बाईचा.

"ही कोण?"

"बाई."

"काय झालंय तिला?"

"कांदा चिरला."

मला हसू फुटलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "गुरुजी, आता मुलीकडे बघा," म्हणाल्या. मालन माझ्याकडे बघून हसत होती, मी हसलो तस्संच, शेवटच्या खोकल्यासकट. "तिला विनोद कळला म्हणून नाही. तुमचं काहीतरी झालं एवढं तिला कळलं. काय झालं, ते नाही कळलं."

मला दुसरीतली ती गाईवासराची कविता आठवली. वासरू गावाबाहेर हरवतं ती. मी चालीवर म्हणायला लागलो की वर्गात नाकं वर ओढल्याचे आवाज यायचे. तूसुद्धा पाटीआड तोंड लपवायचास. मालन तिसऱ्या बाकावर. कविता संपली की हात वर करून विचारायची, "वासराचं नाव काय?" दर वर्षी. तीन वर्षं दुसरीतच होती ना ती. पण गुणाजी, आता वाटतं, त्या वर्गात वासराला शोधायच्या विचारात होती ती एकटी मालन. नावाशिवाय हाक कशी मारणार?

डॉक्टरीणबाईंनी या अवस्थेचं नाव सांगितलं, ऑटिझम. मराठीत काय म्हणतात, मी विचारलं. "कुणी कुणी आत्ममग्न म्हणतात." मला हा शब्द पटला नाही. आत्ममग्न तर मी आहे. तुझी आई मला हेच सांगत आली, फक्त तिचा शब्द 'येडा' होता.

मग त्यांनी जे समजावलं ते मला कळलं तसं लिहितो. भावना म्हणजे मेंदूतली एकच एक जागा नाही. एक जागा समोरचा चेहरा वाचते. एक खोल आत आहे, ती धोक्याची घंटा वाजवते. एक आपल्याच पोटातली कालवाकालव आपल्याला जाणवून देते. आणि कपाळामागची एक त्या घंटेला म्हणते, पुरे, ऐकू आलं. या सगळ्या जागा एकमेकींशी जोडलेल्या असतात. मालनसारख्यांच्यात ती जोडणी निराळी पडलेली असावी, असं परदेशात शोध करणारे आता म्हणू लागलेत. "असावी म्हणते हं," बाई म्हणाल्या. "आम्हांला अजून थोडंच कळलंय."

मी म्हटलं, "म्हणजे वर्गात कविता म्हणताना पुढचे बाक एका ओळीवर आणि मागचे दुसऱ्याच ओळीवर, तसं?"

"तसं म्हणा. कविता सगळ्यांना पाठ आहे. पण ऐकणाऱ्याला नुसता गलका वाटतो."

तेव्हा मी त्यांना तो अंगणातला प्रकार सांगितला. हसू म्हणजे आनंदच असं नाही, त्या म्हणाल्या. घंटा असह्य झाली, तिला गप्प करणारं कुणी उठलं नाही, की आतलं जे असेल ते सापडेल त्या दारातून बाहेर पडतं. कधी किंचाळून, कधी हसून. दुःख नव्हतं असं त्यावरून ठरत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "घाबरली की घरी काय करता?"

"तिची आई करायची."

"काय करायची?"

चव्वेचाळीस सालापासूनच्या कविता मला पाठ आहेत, आणि हे मला सांगता येईना. तुला आठवतं का रे काही?

बाबा


मोठागाव, ठाकुर्ली
१८ ऑक्टोबर १९९४

चि. गुणाजी,

शीलाला पाचवा लागला का? तिच्यासाठी हिरव्या चिंचा काढून ठेवल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. दसऱ्याला आपल्याकडे होड्यांची नि जाळ्यांची पूजा असते. मी मास्तर, माझं पोट कधी जाळ्यावर नव्हतं. पण तुझ्या आजोबांचं एक जाळं घरात होतं, हाताने फेकायचं ते गोल, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. दामाजीच्या मांगरात, होडी-जाळी ठेवायच्या त्या खोपटात, पडलं होतं ते पूजेपुरतं घरी आणलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

मालन कशी झाली आहे ते तू वर्षभरात पाहिलेलं नाहीस. बसल्या जागी झुलायची, मनगट चावून चावून घट्टा पडलेला. पूजा आटोपून मी वळलो तो हिने जाळं उचललं, फुलासकट, आणि खांद्यांवरून घेतलं. शालीसारखं. शिशाच्या गोळ्या गुडघ्यांवर आल्या. भिंतीला टेकून बसली आणि तिने श्वास सोडला. मी इतका लांब श्वास तिचा कधी ऐकला नव्हता. झुलणं थांबलं. मनगट मांडीवर.

सरस्वतीवहिनी प्रसादाला आल्या होत्या. म्हणाल्या, "शेवंती तिला आशीच बसवायची की. ढगात गडगडलं, लग्नाचा बाजा आला, का घालायची आंगावर नि म्हनायची, बस."

"मला कसं माहीत नाही?"

"तुमी कवितेत आसायचे, गुरुजी."

डॉक्टरीणबाईंना दाखवायला जाळं घेऊनच गेलो. त्यांनी ते स्वतःच्या खांद्यांवर घेऊन पाहिलं. अंगावर असा सारखा भार पडला की काहींची ती आतली घंटा शांत होते, का होते ते नीट कळलेलं नाही, पण होत असेल तर जाळं घरातून हलवू नका, म्हणाल्या.

घरातून हलवू नका. इथे मी अडखळलो. पुढचं लिहावं की नाही म्हणून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं.

आपल्या आळीत मयत झालं की घरातली जाळी बाहेर काढतात. सुतक फिटेपर्यंत खाडीला हात लावायचा नाही, म्हणून. त्या दिवशीही कुणीतरी ओरडलं, "जाळी काढा रं." आणि घरातला कर्ता मुलगा म्हणून तू खुंटीवरचं ते एकच जाळं काढून दामाजीच्या मांगरात नेऊन टाकलंस. रीत पाळलीस. मी असतो तर मीही तेच केलं असतं. ते कधी परत आणायचं कुणाला सुचलं नाही, कारण ते फेकणारं घरात कुणीच नव्हतं.

ती त्या दिवशी खोल्याखोल्यांतून हसत का पळत होती, ते आता तुझं तू समज. मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. तुझी आई अंगणात होती. 'बस' म्हणणारं माणूस गेलं होतं, आणि ज्याच्याखाली बसायचं तेही जागेवर नव्हतं.

एवढंच.

बाबा


मोठागाव, ठाकुर्ली
२१ नोव्हेंबर १९९४

चि. गुणाजी,

तुझं उत्तर नाही. रागावला असशील किंवा कामाच्या पाळ्या असतील. पाळ्या असतील असं मी मानतो.

तुझ्या आईचं वर्षश्राद्ध अकरा डिसेंबरला आहे, रविवार. पिंड तुझ्या हातून पडावेत. भटजी सकाळी लवकर येतो म्हणालेत.

तू लहान असताना शाळेच्या वाटेवर मालनचं बोट धरायचास. बोटच, हात नाही. हात धरलेला तिला चालत नसे, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. बांधावरून तुम्ही दोघं पुढे आणि मी मागे, छत्री काखेत, तोंडात कुठली तरी चाल. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरी फटफटीत. आता तिथे इमारती आहेत, आणि त्यांना नावं मात्र सागर, किनारा अशी! पोपट तांडेलाच्या पोराने तिला वेडी म्हटलं तेव्हा तू त्याला चिखलात लोळवलंस आणि मी तुला वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी तुझ्या आईने त्याच कारणासाठी तुला तळलेल्या बोंबलाचा जास्तीचा तुकडा वाढला. न्याय कुठला खरा?

या वेळी बायकांना सांगून ठेवलं आहे, मालनच्या गळ्यात पडू नका. सरस्वतीवहिनी चिडल्या. "मंग काय लांबून हात जोडू? पुढारी हाय का मी?" पण ऐकतील.

आणि एक. माझी नजर उतरली आहे, जिना चढलं की दम लागतो. तू म्हणतोस ते सगळंच चूक नाही. तू ये, एक दिवस तिच्याबरोबर घरात राहा. त्यानंतरही तुला शीळफाटाच योग्य वाटला तर मी हो म्हणेन. माझ्या सहीने. पुन्हा कधी बोलून दाखवणार नाही.

बाबा


मोठागाव, ठाकुर्ली
१५ डिसेंबर १९९४

चि. गुणाजी,

तू आलास आणि संध्याकाळच्या आत गेलास. दिवसभरात माझ्याशी जेमतेम बोललास, मालनशी अजिबात नाही. तरी तू आलास.

तू मान खाली घालून बसला होतास, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहितो.

पिंड झाले. बायका आल्या. सरस्वतीवहिनींनी दारातूनच मालनला हात जोडले, अगदी पुढारी जोडतात तसे, आणि मग उंबऱ्यावर बसून त्यांना आवरलं नाही. एकीचं ऐकून दुसरी, घर भरून रडणं सुरू झालं. मालन कोपऱ्यात, खांद्यांवर जाळं. डोळे मिटलेले, पण जागची हलली नाही. हसली नाही.

तू मागच्या दाराशी, आईची मासळीची पाटी उपडी ठेवलेली आहे तिच्याशेजारी. तुझा चेहरा दगडासारखा. आणि माझ्या मागे एक बाई दुसरीला कुजबुजली, तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे: "लेक बग कसा. डोल्यात टिपूस नाय. आईचं काय बी नाय त्याला."

गुणाजी, मला तिला सांगायचं होतं, बाई, चेहऱ्यावर नाही म्हणजे आत नाही असं नसतं. पण मला बोलावं लागलं नाही.

मालनने डोळे उघडले. तुझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं नाही, चेहरे तिला वाचता येत नाहीत. ती तुझ्या हातांकडे बघत होती. तू उजव्या हाताने डावं मनगट पिळत होतास. पिळून पिळून लाल केलं होतंस. ते तिने ओळखलं. ती भाषा तिची आहे.

ती उठली. बायकांच्या मधून वाट काढत आली, अंगाला अंग लागलं तरी आली. खांद्यांवरचं जाळं काढलं, तुझ्या खांद्यांवर घातलं, दोन्हीकडून सारखं केलं, आणि म्हणाली, "बस."

तू बसलेलाच होतास. तरी.

मग तू जो रडलास तो सगळ्या आळीने ऐकला. मालनने मात्र दोन्ही कानांवर हात घेतले आणि ती तडक विहिरीकडे निघून गेली. तिला तुझा आवाज सोसवेना. मी खिडकीतून बघत होतो, ती विहिरीच्या कठड्याला पाठ घट्ट लावून उभी होती आणि मनगट तोंडात नव्हतं. सरस्वतीवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "आता ह्याला कोन गप करनार? जिनं रडवलं ती तर पलाली!"

तू निघालास तेव्हा जाळं तुझ्या खांद्यावरच होतं. तुझ्या लक्षात नव्हतं. स्टेशनच्या रस्त्याला वळेपर्यंत मी दारातून बघत होतो. हाक मारू शकलो असतो.

आता मालन रोज उठल्यावर खुंटीकडे बघते आणि म्हणते, "जालं गुणाजीकडं हाय." तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. दामाजीने दुसरं जाळं आणून दिलं, नवं, जास्त गोळ्यांचं. तिने ते हातात घेतलं, वास घेतला आणि परत दिलं. "ह्यो नाय."

झुलणं थोडं परत सुरू झालंय. तेव्हा जाळं लवकर हवं. पण कुणाबरोबर पाठवू नकोस.

मी शब्द दिला होता, तो अजून दिलेला आहे. तुझं जे ठरलं असेल ते कळव.

बाबा


मोठागाव, ठाकुर्ली
२९ डिसेंबर १९९४

चि. गुणाजी,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मालन शेजारी बसली होती, म्हणून मोठ्याने वाचलं, कवितेसारखं, पण चाल न लावता.

"बाबा, संस्थेला 'नाही' म्हणून कळवलं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. पुढे कसं करायचं ते बसून बोलू, मला अजून सगळं सुचलेलं नाही. शीलाला थोडी भीती वाटते, पण ती म्हणते मला आधी बघू तर द्या त्यांना. रविवारी आम्ही दोघं येतो. जाळं मी घेऊन येतो. मालनला सांगा. ता. क. केशर-काळेला जागे डोळे अजूनही जुळत नाही."

मी चष्मा पुसत बसलो. मालनच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी विचारलं, "मालन, ऐकलंस ना? गुणाजी येणार." ती उठून आत गेली. मला वाटलं, नाहीच पोचलं.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं. जाळ्याच्या त्या खुंटीला इतके दिवस मी माझा सदरा आणि पिशवी अडकवत होतो. पिशवी जमिनीवर होती, आणि सदरा मालनने घडी करून माझ्या हातात दिला.

"हितं नको," ती म्हणाली. "हितं जालं येनार."

घरात दुसरी खुंटी नाही. रविवारी येताना एक घेऊन ये, ठोकायला खिळेही आण. तोवर सदरा मांडीवर घेऊन बसलो आहे.

बाबा